शेतकऱ्याच्या घरास विजेची जोडणी कोणती घ्यावी?

घरास वीज घ्यावयाची म्हटली म्हणजे अर्ज भरतांना पहिला प्रश्न उभा राहतो, तो सिंगल फेज घ्यावें कीं थ्री फेज, हा होय. या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ ठिकाणीं शेजाऱ्याकडे पाहून दिलें जातें. शेजाऱ्यानें थ्री फेज घेतलें म्हणून आपणही घ्यावें, किंवा सिंगल फेज स्वस्त पडतें म्हणून डोळे मिटून तेंच घ्यावें, असा प्रकार नेहमीं दृष्टीस पडतो. विहिरीवर मोटार बसवितांना पाण्याची खोली, उचल व पाइपाची लांबी हीं सर्व विचारांत घेणारा शेतकरी घराच्या विजेबाबत मात्र कसलाच हिशेब करीत नाहीं, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. वास्तविक हा हिशेब कठीण नाहीं. तो कसा करावा हें या पाठांत सांगावें, असा आमचा विचार आहे.

प्रथम दोहोंतील भेद पाहूं. गांवच्या रोहित्रापासून ज्या तारा निघतात, त्यांत तीन फेजच्या व एक न्यूट्रलची असते. कोणतीही एक फेज व न्यूट्रल यांमध्यें सुमारें २३० व्होल्ट दाब असतो; कोणत्याही दोन फेजमध्यें तो सुमारें ४०० व्होल्ट असतो. घरांत एक फेज व न्यूट्रल अशा दोन तारा आल्या म्हणजे ती सिंगल फेज जोडणी. तिन्ही फेज व न्यूट्रल अशा चार तारा आल्या म्हणजे ती थ्री फेज जोडणी. थ्री फेजच्या घरांतही दिवा, पंखा व मिक्सर हे २३० व्होल्टांवरच चालतात. तीन फेजचा एकत्र उपयोग होतो तो मुख्यतः थ्री फेजच्या मोटारीस.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. थ्री फेज घेतल्यानें युनिटें कमी पडतात, असें कांहीं लोक समजतात. तें बरोबर नाहीं. एक किलोवॉटचें उपकरण एक तास चालविलें कीं एक युनिट खर्च झालें. तें कोणत्या जोडणीवर चाललें यानें त्यांत फरक पडत नाहीं. उलट थ्री फेजचा दरमहाचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षां बराच अधिक असतो, व तो वीज वापरली नाहीं तरी भरावा लागतो. म्हणून गरज नसतां थ्री फेज घेणें म्हणजे दोन एकर जमिनीसाठीं चार बैल बांधण्यासारखें आहे.

आतां हिशेबाकडे वळूं. एक घर डोळ्यांपुढें आणावें. त्यांत दिवे, पंखे व टीव्ही मिळून ५०० वॉट, फ्रिज २००, मिक्सर ५००, इस्त्री १०००, पाणी तापविण्याचा गीझर २०००, टाकींत पाणी चढविण्याची लहान मोटार १०००, व घरगुती पिठाची गिरणी १००० वॉट, असा भार आहे. बेरीज ६२०० वॉट झाली. परंतु हीं सर्व एकाच वेळीं चालत नाहींत. सकाळच्या गर्दींत गीझर, पाण्याची मोटार, मिक्सर, फ्रिज व दिवे चालले, तर ४२०० वॉट होतात. या आंकड्यास २३० नें भागिलें म्हणजे सुमारें १८ अँपिअर येतात. सर्वच उपकरणें एकदम लाविलीं तरी २७ अँपिअरच्या पुढें फारसें जात नाहीं. अशा घरास सिंगल फेज पुरेसें आहे. यापेक्षां भार पुष्कळ वाढला, तर मात्र सिंगल फेजची मर्यादा येते. ती किती अँपिअरपर्यंत आहे हें अर्जापूर्वीं वीज कंपनीच्या कचेरींत विचारून घ्यावें.

याच घरांत गोठ्यासाठीं ३ अश्वशक्तीचें कडबाकुट्टी यंत्र आणिलें, म्हणजे गोष्ट बदलते. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॉट. मोटारींतील तूट धरतां हें यंत्र सुमारें २८०० वॉट घेईल. सिंगल फेजवर त्यास सुमारें १४ अँपिअर लागतील, व सुरू होतांना क्षणभर याच्या कित्येक पट प्रवाह ओढला जाऊन घरांतील दिवे मंद होतील. तीच मोटार थ्री फेजची असली, तर प्रत्येक तारेंत सुमारें ५ अँपिअर जातात. तेव्हां ज्याच्या घरीं मोठी कडबाकुट्टी, मोठी गिरणी किंवा दूधकाढणीचें मोठें यंत्र रोज चालावयाचें आहे, त्यानें थ्री फेजचा विचार अवश्य करावा.

दुसरी गोष्ट अंतराची. मीटरपासून गोठा १०० मीटर दूर आहे व ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकिली आहे, असें धरूं. सिंगल फेजवर २० अँपिअर नेले, तर जाण्यायेण्याच्या दोन तारांत मिळून सुमारें १८ व्होल्ट दाब खर्चीं पडतो. तोच भार तीन फेजवर सारखा वांटला, तर दाबाची घट अवघी ३ व्होल्टांची, म्हणजे सहावा हिस्सा होते. मात्र ‘सारखा वांटला’ हे शब्द वाचकांनीं विसरूं नयेत. तिन्ही फेज घरांत आणून सगळा भार एकाच फेजवर ठेवणारीं घरें आमच्या पाहण्यांत आहेत. त्यांनीं पैसे तिहींचे दिले व काम एकीकडूनच घेतलें.

तिसरी गोष्ट वस्तीवर राहणाऱ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. आपल्या घराजवळून जाणारी वाहिनी गांवठाणाची आहे कीं शेतीची, हें आधीं विचारावें. शेतीच्या वाहिनीवर बहुतेक ठिकाणीं थ्री फेज पुरवठा ठराविक तासच मिळतो, व कधीं दिवसा तर कधीं रात्रीं पाळी येते. अशा वाहिनीवर घरासाठीं थ्री फेज घेऊन कुट्टीची मोटार सकाळीं हवी तेव्हां चालेलच, असें नाहीं. तसेंच विहिरीच्या जोडणीवरून घरास तार ओढण्याचा मोह कोणीं धरूं नये. मंजूर कामाखेरीज दुसऱ्या कामास वीज वापरल्यास २००३ सालच्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमान्वयें दुप्पट दरानें आकारणी होते. एका दिव्याच्या लोभानें वर्षाची कमाई दंडांत घालविण्यांत शहाणपण नाहीं.

शेवटीं धोक्याविषयीं. तीन फेजपैकीं एक तुटली असतां चालती थ्री फेज मोटार उरलेल्या दोन तारांतून अधिक प्रवाह ओढते, तापते व जळते. यासाठीं सिंगल फेज प्रिव्हेंटर बसविलाच पाहिजे. न्यूट्रल तुटली तर याहून वाईट. मग २३० व्होल्टांच्या उपकरणांवर ४०० च्या जवळपास दाब येऊं शकतो व टीव्ही, फ्रिज क्षणांत निकामी होतात. म्हणून न्यूट्रलचा सांधा ढिला ठेवूं नये. भूयोजनाचा खड्डा उन्हाळ्यांत ओला ठेवावा, आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच मुख्य पेटींत बसवावा. त्यास कांहीं पैसे पडतात हें खरें. परंतु ओल्या गोठ्यांत उघड्या पायांनीं वावरणारीं माणसें व दावणीचीं जनावरें यांच्या जिवापुढें ती रक्कम कांहींच नव्हे.

सारांश, दिवे, पंखे व नेहमींचीं घरगुती उपकरणें एवढाच वापर असेल, तर सिंगल फेज घ्यावें व वांचलेला पैसा चांगली तार व भूयोजन यांवर खर्चावा. मोठी मोटार रोजची असेल, किंवा गोठा दूर असून भार बराच असेल, तर वाहिनीची चौकशी करून थ्री फेज घ्यावें व भार तिन्ही फेजवर वांटावा. अर्जापूर्वीं एका कागदावर आपल्या उपकरणांचे वॉट मांडून बेरीज करण्यास अर्धा तास पुरे. तेवढा वेळ प्रत्येक शेतकरी बंधूनें या कामीं द्यावा, अशी आमची विनंति आहे.