तोटी घेण्याआधी पाणी ओळखा

हुबळी-धारवाडच्या जुन्या घरांत तोटीची पंचाईत कोणी फारशी करत नसे. पाणी आठ-दहा दिवसांनी यायचे. आले की तोटी सताड उघडायची आणि हौद, पिंपे, हंडे, कळश्या भरून घ्यायच्या. पाणी गेले की तोटी बंद आहे की उघडी, याने काही बिघडत नसे. 2008 च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा इथल्या निवडक वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झाले, मीटर बसले, आणि तिथल्या घरांचा हिशेब बदलला. नळात दिवसरात्र दाब असतो तिथे गळकी तोटीही दिवसरात्र गळते, आणि ते पाणी मीटर मोजतो.

सगळ्या भागांत अजून तशी सोय नाही. हुबळी आणि धारवाडच्या मधल्या पट्ट्यात, रायापूरच्या बाजूला घर बांधणाऱ्याने तर एकाच घरात दोन पाण्यांची तयारी ठेवलेली बरी: एक महापालिकेचे, मलप्रभा नदीचे, आणि दुसरे बोअरचे. या दोन पाण्यांना एकच तोटी सारखी टिकत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी घरातल्या प्रत्येक नळाबद्दल तीन गोष्टी पाहून घ्या.

पाणी कुठून येते, किती जोराने येते, काय घेऊन येते

पहिली गोष्ट, नळ थेट रस्त्याच्या लाइनवर आहे की गच्चीवरच्या टाकीवर. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या लाइनमधून आधी हवा फुसफुसते, मग गढूळ पाणी येते, त्यात बारीक रेती असते. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या तोट्यांच्या पोटात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांच्यामध्ये रेतीचा कण अडकला की ओरखडा पडतो आणि तोटी टिपकायला लागते. तेव्हा थेट लाइनवरच्या, हौद भरायच्या नळाला जुन्या पद्धतीची, फिरवत बंद करायची, रबरी वायसरची तोटीच बरी. रेतीने वायसर खराब झाले तर पाच-दहा रुपयांत काम भागते. सिरॅमिकच्या तोट्या टाकीच्या पाण्यावर लावा.

दुसरी गोष्ट दाब. पाण्याची पातळी तोटीपासून 10 मीटर उंच असेल तर साधारण 1 बार दाब मिळतो. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी न्हाणीघराच्या तोटीपासून जेमतेम 3-4 मीटर वर असते, म्हणजे दाब 0.3 ते 0.4 बार. दुकानात पंपावर धो धो चालणारा मोठा शॉवर किंवा एका दांड्याचा मिक्सर अशा घरात रडत चालतो. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात किमान दाब किती हवा ते पाहा. दिलेला नसेल तर दुकानदाराला विचारा, आणि त्यालाही सांगता आले नाही तर साधी तोटी घ्या.

तिसरी गोष्ट क्षार. बोअरच्या पाण्याने बादलीच्या काठाला पांढरा थर धरत असेल तर तोच थर तोटीच्या जाळीतही बसणार. अशा पाण्यासाठी जाळी हाताने काढता येईल अशीच तोटी निवडा.

पितळ, प्लास्टिक आणि पितळेसारखे दिसणारे

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. क्रोम चढवलेली पितळी तोटी वर्षानुवर्षे चालते, तिचे सुटे भाग मिळतात, आटे मजबूत असतात. पीटीएमटी हे चांगल्या प्रतीचे प्लास्टिक. ते गंजत नाही, क्षारांना दाद देत नाही, स्वस्त असते. तिसरा प्रकार धोक्याचा: वरून तसाच चकचकीत, आतून जस्ताचा मिश्रधातू. ही तोटी काही वर्षांत आट्यांपाशी मोडते, तुकडा भिंतीत अडकून राहतो आणि तो काढताना टाइल फुटते. दोनशे रुपये वाचवायला जाऊन हजाराचे काम निघते.

ओळखायचे कसे? लोहचुंबक इथे कामाचा नाही, कारण तो पितळेलाही चिकटत नाही आणि जस्तालाही. तोटी हातात घेऊन वजन पाहा आणि मागचा, भिंतीत जाणारा भाग उजेडाकडे धरून आत डोकवा. आतल्या बाजूला सहसा क्रोम पोचत नाही. पिवळा धातू दिसला तर पितळ, करडा दिसला तर परत ठेवा. दांडा जस्ताचा असला तरी चालतो, चांगल्या कंपन्याही तो तसा करतात. ज्या अंगातून पाणी वाहते ते पितळेचे हवे.

आयएसआय चिन्हही पाहा. फिरवून बंद करायच्या पितळी तोट्यांसाठी आयएस 781, शोभिवंत तोट्या व मिक्सरसाठी आयएस 8931 आणि प्लास्टिकच्या तोट्यांसाठी आयएस 9763 ही मानके आहेत. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये घातला की तो खरा की खोटा ते दुकानात उभ्या उभ्या कळते.

किती पडते

खालचे आकडे ढोबळ आहेत. ब्रँड, वजन आणि दुकानाची सूट यांनुसार ते वरखाली होतात. तोट्यांच्या धंद्यात एमआरपीवर सूट मिळणे हा रिवाज आहे, म्हणून छापील किमतीवर थांबू नका. एमआरपीत जीएसटी धरलेला असतो. 'बिल हवे तर कर वेगळा' असे कोणी म्हणाले तर दुसरे दुकान गाठा.

- पीटीएमटीची साधी तोटी: 100 ते 250 रुपये
- पितळी, रबरी वायसरची तोटी: 300 ते 600 रुपये
- पितळी, सिरॅमिकची, नावाजलेल्या कंपनीची तोटी: 600 ते 1,500 रुपये
- सिंकची लांब, फिरत्या चोचीची तोटी: 900 ते 2,500 रुपये
- गरम-थंड पाण्याचा भिंतीवरचा मिक्सर: 3,000 ते 8,000 रुपये
- अँगल कॉक: 300 ते 700 रुपये
- वायसर: 5 ते 10 रुपये, टेफ्लॉन टेप: 20 ते 30 रुपये
- सिरॅमिकचा आतला भाग (कार्ट्रिज): 150 ते 400 रुपये
- प्लंबरची एका छोट्या कामाची मजुरी: 200 ते 500 रुपये

आता दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण अशा घराचा हिशेब मांडू. सिंकची तोटी 1,200, बेसिनची 900, न्हाणीघरात गरम आणि थंड अशा दोन मिळून 1,600, संडासात जेटसह दुहेरी तोटी 1,000. या पाच पितळी तोट्यांचे 4,700 रुपये. धुण्याची जागा, अंगण आणि गच्ची या तीन ठिकाणी पीटीएमटी, 150 प्रमाणे 450. बेसिन आणि सिंकखाली दोन अँगल कॉक 800, दोन जोडनळ्या 300, टेप 50. सामान झाले 6,300 रुपयांचे. मजुरी हजार धरली तर सारे 7,300 च्या आसपास बसते. मिक्सर घातला की हाच आकडा दहा-बारा हजारांवर जातो आणि टाकी कमी उंचीवर असेल तर त्याचा पुरता उपयोगही होत नाही.

अंगणात आणि गच्चीवर पितळ नको, यालाही कारण आहे. पितळेला भंगारात भाव मिळतो, त्यामुळे बाहेरची पितळी तोटी चोरीला जाते. प्लास्टिकवर ऊन पडले की ते काही वर्षांत ठिसूळ होते, पण बदलायला दीडशे रुपये लागतात. गिझरच्या गरम पाण्याला मात्र साधे प्लास्टिक लावू नका.

गळती मोजा, मग ठरवा

तोटी टिपकते आहे, पण 'थेंबभर तर आहे' म्हणून चालढकल होते. खाली मापाचे भांडे ठेवा आणि दहा मिनिटे थांबा. 150 मिली जमले तर दिवसाला 21 लिटर 600 मिली झाले, महिन्याला साडेसहाशे लिटरच्या घरात. मीटर असेल तर आपल्या बिलावरचे टप्पे पाहा. टप्प्याटप्प्याने दर वाढत असेल तर गळतीचे लिटर सर्वांत वरच्या, सर्वांत महाग टप्प्यात पडतात. मीटर नसेल आणि टाकी पंपाने भरत असाल तर तेवढे पाणी वर चढवायची वीज वाया जाते.

कुठून गळते त्यावर दुखणे ओळखता येते. चोचीतून टिपकत असेल तर वायसर झिजले आहे किंवा सिरॅमिकवर ओरखडा आहे. दांड्याखालून पाणी येत असेल तर आतले रबरी कडे गेले. भिंतीपाशी ओल असेल तर आट्यांवरची टेप कमी पडली. टिपकणारी तोटी जोर लावून आवळणे हा सर्वांत वाईट उपाय. त्याने वायसर कापले जाते आणि ते ज्या कडेवर बसते तीही खराब होते.

वायसर घरी बदलता येते. आधी मुख्य कॉक बंद करा आणि तोटी उघडून नळीतले पाणी जाऊ द्या. दांड्यावरची टोपी नखाने उचकटा, खालचा स्क्रू काढा, दांडा वर ओढा. आता दिसणारा षटकोनी भाग पान्याने डावीकडे फिरवा. क्रोमवर ओरखडे नकोत म्हणून पाना आणि तोटी यांच्यामध्ये जुनी चिंधी धरा. आतला तुकडा बाहेर आला की टोकाला रबर दिसेल: कडक, काळे, मधोमध गोल खाच पडलेले. ते काढून त्याच मापाचे नवे बसवा. परत जोडण्याआधी तोटीच्या आत बोट घालून कड चाचपा. बोटाला खरखर लागली तर नवे वायसरही फार दिवस टिकणार नाही. तेव्हा तोटीच बदलायची वेळ झाली असे समजा.

सिरॅमिकच्या तोटीला कार्ट्रिज बदलावे लागते. जुने काढून दुकानात घेऊन जा. त्याच्या दांड्यावरचे दाते आणि फिरायची दिशा तंतोतंत जुळावी लागते. गरम आणि थंड बाजूंची दिशा कधी कधी उलटी असते. म्हणूनच ज्या कंपनीचे सुटे भाग गावात मिळतात तिचीच तोटी घ्यावी. जाहिरातीतली दहा वर्षांची वॉरंटी पाहण्यापेक्षा दुकानदाराला एक प्रश्न विचारा, 'याचे कार्ट्रिज तुमच्याकडे आत्ता आहे का?'

महिन्याची, वर्षाची निगा

महिन्यातून एकदा जाळी काढून ठोका, रेती पडते. क्षार बसले असतील तर पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूफूल घालून अर्धा तास भिजवा आणि जुन्या दातघाशीने घासा. संडास धुण्याचे आम्ल क्रोमवर चुकूनही नको. डाग जातो तसे क्रोमही जाते. वर्षातून दोनदा मुख्य कॉक आणि अँगल कॉक बंद करून उघडा. न हलवलेला कॉक जाम होतो आणि नेमका नळ फुटलेल्या रात्री फिरत नाही.

पिण्याच्या भांड्याची तोटी

माठ, स्टीलचा फिल्टर, लग्नाकार्यातली ताकाची किंवा कोकम सरबताची टाकी, यांच्या तोटीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भांडे घासले जाते, तोटी नाही. भांड्याच्या आतला नट सोडवला की दोन्ही बाजूंच्या वायसरमध्ये बुळबुळीत थर दिसतो. आठवड्यातून एकदा ती पूर्ण सोडवून बारीक ब्रशने आतून घासा, गरम पाण्यातून काढा. नवी तोटी शंभर-दीडशेपासून मिळते, वायसरची जोडी दहा-वीस रुपयांत.

ताक आणि सरबत आंबट असते. आंबट पदार्थ तांब्या-पितळेला लागला की धातू त्यात उतरतो, म्हणूनच आपल्याकडे पितळी भांड्यांना कल्हई करत. तेव्हा अशा टाकीला स्टीलची किंवा खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकचीच तोटी हवी. पुण्या-बंगळूरच्या मायक्रोब्रुअरींतही पेय आम्लधर्मी, आणि धंद्याचा सर्वमान्य शिरस्ता असा: तोटी 304 दर्जाच्या स्टीलची, कारण क्रोम उडालेल्या पितळेने चव बिघडते, आणि नळ्या व तोट्यांची सफाई दर दोन आठवड्यांनी. पिण्याच्या पाण्याचा नळ पितळी असेल तर रात्रभर साचलेले पहिले पाणी कुंड्यांना घाला. पितळेत थोडे शिसे असू शकते.

बिल आणि तक्रार

बिलावर कंपनी, मॉडेल आणि तारीख लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्या. वॉरंटी बहुधा तोटीच्या अंगाला असते. क्रोम, रबर आणि मजुरी तीत येते का ते आधी वाचा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. तिथेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

हातात पैसे बेताचे असतील तर क्रम असा ठेवा: आधी मुख्य कॉक चांगला बसवा, मग भिंतीत जाणाऱ्या, टाइलखालच्या वस्तू चांगल्या घ्या, मग सिंक आणि न्हाणीघराच्या तोट्या. अंगणाची, गच्चीची तोटी शेवटी. टाइलमागचे काम पुन्हा करायचे तर भिंत फोडावी लागते. बाहेरची तोटी केव्हाही बदलता येते.