रविवारीच जाणारा फ्यूज

माझ्या शेजाऱ्यांकडे एक जुनी मोटार आहे. तिच्या ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज दर रविवारी जातो, अशी त्यांची तक्रार होती. सोमवार ते शनिवार ते मोटारीने कचेरीत जातात, तेव्हा काही होत नाही. तुम्ही हसाल, मीही हसलो. विजेला वार कळत नाही हे खरे, पण तक्रारही खरीच होती.

प्रथम फ्यूजचे काम पाहू. पद्मिनीसारख्या जुन्या मोटारींत चिनी मातीच्या छोट्या कांडीवर धातूची एक पातळ पट्टी बसवलेली असते. पांढरी कांडी ८ अँपिअरची, तांबडी १६ अँपिअरची. ब्रेकचे दिवे दोन, प्रत्येकी २१ वॅटचे. बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे प्रवाह ४२ भागिले १२, साडेतीन अँपिअर. ८ अँपिअरच्या फ्यूजला हा प्रवाह सहज पेलतो.

आता मोटारीतील एक गंमत ध्यानात घ्या. घरातल्या दिव्याकडे दोन तारा जातात, मोटारीत बहुधा एकच. परतीची वाट म्हणजे मोटारीचा लोखंडी सांगाडा. बॅटरीचे एक टोक त्यालाच जोडलेले असते. यामुळे तांबे वाचते, परंतु तारेवरचे आवरण कोठे घासून गेले आणि उघडे तांबे पत्र्याला टेकले, की प्रवाहाला दिव्याला वगळून जवळची वाट मिळते. त्या वाटेचा एकूण रोध समजा ०.१ ओहम आहे. ओहमच्या नियमाने प्रवाह होईल १२० अँपिअर! साडेतीनच्या सुमारे चौतीसपट. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तेव्हा त्याच तारेत दर सेकंदाला हजारपटीहून अधिक उष्णता निर्माण होणार. फ्यूजची पट्टी क्षणात वितळते आणि बाकीची तार वाचते.

शेजाऱ्यांनी मात्र फ्यूजलाच दोषी ठरवले होते. पांढरा जातो म्हणून त्यांनी तांबडा बसवला. तोही गेला. मग कोणीतरी सल्ला दिला, "सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा, पुन्हा जाणार नाही." फ्यूज गेला नसता हे खरे, पण मग तार तापली असती, आवरण पेटले असते, आणि तेही मागच्या आसनाखाली, जेथे रविवारी त्यांची दोन मुले बसतात. हा सल्ला ऐकून मात्र मला हसू आले नाही.

दोष शोधायचा तर दर वेळी नवा फ्यूज जाळण्यात अर्थ नाही. आम्ही हातातली घड्याळे आणि अंगठ्या काढून ठेवल्या, ब्रेकचे दोन्ही दिवे काढले आणि फ्यूजच्या जागी तारांनी जोडून २१ वॅटचा तसलाच एक दिवा लावला. आता तार पत्र्याला टेकली तरी प्रवाहाला या दिव्यातूनच जावे लागेल. तो पावणेदोन अँपिअरपेक्षा फारसा वाढू शकणार नाही, आणि दिवा लख्ख पेटून आपल्याला कळवील. (थंड दिव्याचा रोध मापकाने मोजलात तर हिशेबातल्या सुमारे सात ओहमऐवजी एक ओहमहूनही कमी भरेल. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो. प्रयोगशाळेत हे जरूर करून पाहा.)

शेजारी ब्रेक दाबून बसले. दिवा विझलेलाच. तारांचा जुडगा हलवला, मागचे झाकण उघडले, मिटले. तरीही काही नाही. अर्धा तास गेला. मग मी विचारले, "रविवारी मोटारीत वेगळे काय असते?" उत्तर देण्याऐवजी त्यांनी मुलांना हाक मारली. मुले मागे बसली, आणि दिवा लख्ख पेटला! मुले उठली, दिवा विझला. पुढची पाच मिनिटे मुलांनी उठाबशाच काढल्या, त्यांना आवरणे कठीण झाले.

आसन उचलले. त्याची एक स्प्रिंग खालून जाणाऱ्या तारेवर टेकत होती आणि तेथले आवरण सोलून तांबे चमकत होते. स्प्रिंग सांगाड्याला टेकलेली. आसनावर वजन आले, की स्प्रिंग तारेला भिडे. कचेरीला जाताना मागे कोणीच नसे. ब्रेक दाबल्याशिवाय त्या तारेत वीजच येत नसे, त्यामुळे मोटार निघताच फ्यूज जात नसे. पहिल्या वळणावर जाई.

आम्ही बॅटरीची जोडणी सोडवली, तारेचा खराब तुकडा कापून नवा जोडला, त्यावर रबरी नळी चढवली आणि तार स्प्रिंगपासून दूर, कडेने नेली. मग ब्रेकचे दिवे परत बसवले आणि फ्यूज लावला तो पांढराच, ८ अँपिअरचा.

तुम्हाला हा प्रयोग करायचा असेल, तर विजेरीचे दोन घट, विजेरीचा दिवा आणि थोडी तार पुरे. घरच्या २३० व्होल्टच्या विजेवर मात्र तो मुळीच करू नका. तेथे तारेला लागलेला तुमचा हात हीच जवळची वाट ठरू शकते.