जुन्या लष्करी ट्रकला मोठे एकेरी टायर : एका फेरबदलाचा हिशेब

अमेरिकेच्या ग्रामीण भागातील बहुसंख्य अग्निशमन दले स्वयंसेवकांची आहेत. शेतकरी, दुकानदार, शाळामास्तर हेच प्रसंगी बंब घेऊन धावतात. वणवा विझविण्यासाठी नवे वाहन घेणे अशा दलांना सहसा परवडत नाही. म्हणून लष्कराने निर्लेखित केलेली वाहने तेथील वन सेवेमार्फत राज्यांना आणि राज्यांकडून गावोगावच्या दलांना देण्याची पद्धत अनेक दशकांपासून रूढ आहे. एका योजनेत वाहनाची मालकी संघ शासनाकडेच राहते व ते केवळ वापरास दिले जाते; दुसरीत मालकीही दलाकडे जाते. या वाटेने खेड्यांत पोचलेल्या वाहनांपैकी ‘एम ३५’ हा सहा चाकांना गती देणारा अडीच टनी ट्रक विशेष परिचयाचा आहे. त्याच्यावर पाण्याची टाकी व पंप बसवितात, आणि पुष्कळदा त्याच वेळी मागची जोडचाके काढून त्या जागी एकेक मोठे चाक चढवितात. हा फेरबदल दिसावयास सोपा आहे. तो नेमके काय देतो आणि काय काढून घेतो, ते येथे पाहावयाचे आहे.

मोठे एकेरी चाक ही काही अलीकडच्या हौशी मंडळींची कल्पना नव्हे. रिओ कंपनीने १९५० च्या सुमारास या ट्रकची रचना केली, तेव्हा त्याची दोन रूपे होती. ‘एम ३४’ ला ११.००-२० मापाची सहा एकेरी चाके असत. ‘एम ३५’ ला ९.००-२० मापाची दहा, म्हणजे मागे जोडचाके. पुढे जोडचाकांचेच रूप टिकले. १९९० नंतरच्या दशकात या ट्रकचे ‘ए ३’ हे सुधारित रूप निघाले तेव्हा लष्कर पुन्हा मोठ्या एकेरी टायरकडे वळले. मात्र त्या वेळी केवळ टायर बदलले नाहीत. इंजिन व गिअरपेटीही नवी बसविण्यात आली. हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

एकेरी चाकाचा लाभ खरा आहे. चिखलात किंवा वाळूत पुढचे चाक जी चाकोरी पाडते, तीतूनच मागचे चाक गेले तर ओढ कमी लागते. जोडचाकाला दर वेळी स्वतःची नवी चाकोरी कापावी लागते. शिवाय दोन टायरांच्या मधल्या फटीत दगड अडकतो आणि दोन्ही टायरांच्या बाजू कापल्या जातात. मात्र हा लाभ मिळण्यासाठी मागचे एकेरी चाक पुढच्या चाकाच्या रेषेत आले पाहिजे. नुसते आतले चाक काढून बाहेरचे ठेवल्याने ते आपोआप साधत नाही. त्यासाठी चाकाची बैठक बदलावी लागते.

आता हिशेबाकडे वळू. प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही, परंतु येथे लागणारे गणित सातवीच्या त्रैराशिकापलीकडचे नाही. ९.००-२० टायरचा व्यास सुमारे १.०३ मीटर असतो. त्याच्या जागी पुष्कळ जण नव्या लष्करी ट्रकांचा ३९५/८५ आर २० हा टायर बसवितात. या आकड्यांचा अर्थ असा : टायरची रुंदी ३९५ मिलिमीटर, त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या ८५ टक्के, आणि रिमचा व्यास २० इंच, म्हणजे ५०८ मिलिमीटर. बाजूची उंची वर व खाली दोनदा धरावयाची. एकूण व्यास सुमारे १,१८० मिलिमीटर होतो, म्हणजे जुन्या टायरच्या सुमारे साडेचौदा टक्के अधिक.

याचे परिणाम एकामागून एक येतात. वेगदर्शकाचा काटा ताशी ८० किलोमीटर दाखवीत असताना ट्रक प्रत्यक्षात सुमारे ९२ च्या वेगाने धावत असतो. चालकाची चूक नसते. काट्याला चाकाची उंची ठाऊक नसते, एवढेच. इंजिनाची तीच पिळ आता लांब तरफेवर काम करते, त्यामुळे जमिनीवर मिळणारा रेटा सुमारे एक अष्टमांशाने घटतो. चढावर ट्रक एक गिअर खाली मागतो. ब्रेकचेही तसेच. ड्रम तेवढाच, पायाचा दाब तेवढाच, परंतु चाक मोठे. म्हणून रस्त्यावर मिळणारी रोधशक्तीही त्याच प्रमाणात घटते. या ट्रकच्या ‘ए २’ रूपात हवेच्या साहाय्याने चालणारे द्रवदाब ब्रेक आहेत आणि त्यांचे मंडल एकच आहे. एक नळी फुटली की सर्व चाकांचे ब्रेक एकदम जातात. अशा वाहनाचा प्रत्यक्ष वेग वाढावा आणि ब्रेक मात्र दुबळे व्हावेत, ही अदलाबदल फायद्याची नाही. जुने ११.००-२० हे माप घेतले तर व्यास केवळ पाच टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि हे सर्व परिणाम सौम्य राहतात. प्रस्तुत लेखकाच्या मते गावाच्या बंबाला तेच पुरेसे आहे.

खरी चूक होते ती भाराच्या बाबतीत. मोठा टायर पाहिला की टाकीही मोठी बसविण्याचा मोह होतो. अडीच टनी हे नाव रस्त्याबाहेरील भारावरून आले आहे : ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो. पक्क्या रस्त्यावर याच्या दुप्पट भाराची मुभा आहे. उन्हाळ्यात टँकर चालविणाऱ्या आपल्या ग्रामपंचायतींना हे गणित शिकवावयास नको : एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. अमेरिकी १,००० गॅलनची टाकी भरली तर नुसते पाणीच ३,७८५ किलो होते. टाकीचा पत्रा, पंप, नळ्या आणि माणसे वेगळी. वणवा रस्त्यावर लागत नाही, म्हणून हिशेब रस्त्याबाहेरील मर्यादेचाच धरला पाहिजे. टायर वाढल्याने स्प्रिंगचे पाटे, अ‍ॅक्सल आणि बेअरिंग वाढत नाहीत. उलट मागे पूर्वी आठ टायरांवर विभागलेले ओझे चारांवर येते. प्रत्येकाने दुप्पट पेलावयाचे. टायरच्या बाजूवर एकेरी व जोड वापरासाठी भारक्षमता निरनिराळी छापलेली असते, ती वाचूनच माप ठरवावे. ट्रक सुमारे साडेसात सेंटिमीटर उंचही होतो. अर्धी भरलेली टाकी वळणावर कशी हेलकावते, हे ज्याने घाटात पाहिले आहे त्याला या साडेसात सेंटिमीटरांचे महत्त्व कळेल. जोडचाकातील एक टायर फुटला तर दुसऱ्यावर रखडत का होईना, माघार घेता येते. एकेरी टायर फुटला की ट्रक जागीच थांबतो, आणि आग थांबत नाही.

आणखी एक बाब. मागील दोन अ‍ॅक्सलांमध्ये गतीचा फरक सामावून घेणारी योजना या ट्रकमध्ये नाही. एकावर नवे व दुसऱ्यावर झिजलेले टायर चढविले तर पक्क्या रस्त्यावर ते एकमेकांशी ओढाताण करतात. म्हणून सर्व चाके आणि जादा चाकही एकाच मापाचे घ्यावे लागते. मूळ रचनेत स्टिअरिंगला कोणतेही शक्तिसाहाय्य नाही. रुंद टायर चढविल्यावर ते हातांना जड जाते.

काम करणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न मात्र रिमशी निगडित आहे. या ट्रकच्या मूळ चाकाला वेगळी लॉक रिंग असते. ती नीट न बसता हवा भरली तर कित्येक टनांच्या रेट्याने उडते. आपल्याकडे मालमोटारींची चाके सांभाळणाऱ्या जुन्या कारागिरांना ‘रिंग उडाली’ या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. अमेरिकेत १९८० च्या कामगार-सुरक्षा नियमाने अशा चाकात लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरण्याचे बंधन घातले. गंजलेली किंवा वाकलेली रिंग ठोकून सरळ करणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय.

निर्लेखित मालातील टायर वरून कोरे दिसतात. नक्षी खोल असते, पण रबर म्हातारे झालेले असते. बाजूवरील सांकेतिक अक्षरांच्या शेवटी चार अंक असतात. २३१४ असे असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. तेथील अग्निशमन वाहनांच्या मानकात सात वर्षांनी टायर बदलण्याचा दंडक आहे, मग नक्षी कितीही शिल्लक असो.

आपल्या राज्यातील एखाद्या संस्थेने लिलावातील जुने लष्करी वाहन घेण्याचे मनात आणले, तर कायद्याची बाजू आधी पाहावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांहून भिन्न होतील असा फेरबदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. टाकी असो वा टायर, कारागिराकडे जाण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी, आणि उत्तर येईपर्यंत जुनी चाके भंगारात काढू नयेत.