खिशातील पेढी

मनीऑर्डर म्हणजे काय, हे आपल्या आजी-आजोबांना विचारा. मुंबईच्या गिरणीत राबणारा चाकरमानी पगारातून काही रुपये बाजूला काढून पोस्टात भरी, आणि काही दिवसांनी पोस्टमन ती रक्कम घेऊन कोकणातील त्याच्या घरी येई. त्या पैशातून वाण्याची उधारी फिटे आणि मुलांना वह्या-पुस्तके मिळत. कमावणारा एका गावी आणि त्याची वाट पाहणारे दुसऱ्या गावी, अशी कुटुंबे केवळ आपल्याकडेच नाहीत. अशाच एका दूरच्या देशात मोबाईलने मनीऑर्डरचे काम कसे केले, त्याची ही हकीकत आहे.

आफ्रिका खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर केनिया हा देश आहे. नैरोबी ही त्याची राजधानी. खेड्यातील अनेक तरुण पोटासाठी तेथे येतात. कोणी इमारतींच्या बांधकामावर, कोणी दुकानात, तर कोणी लोकांच्या घरी काम करतो. त्यांचे आईवडील, बायकामुले शेकडो किलोमीटर दूर खेड्यात राहतात. तेथे पूर्वी बँका फार थोड्या होत्या. 2006 साली बँक किंवा तशाच अधिकृत संस्थेशी व्यवहार करणारे लोक शंभर प्रौढांत केवळ सत्तावीसच्या आसपास होते. मग घरी पैसे पाठवावेत कसे? कोणी गावी निघालेल्या मित्राजवळ देई, कोणी बसच्या चालकाच्या हाती पाकीट सोपवी. पाकीट पोहोचेपर्यंत पाठवणाऱ्याच्या जिवाला घोर लागे. वाटेत चोरी झाली, तर महिन्याचे कष्ट मातीमोल होत.

मार्च 2007 मध्ये सफारीकॉम या कंपनीने केनियात ‘एम-पेसा’ नावाची सेवा सुरू केली. ‘एम’ हे मोबाईल शब्दाचे आद्याक्षर, आणि ‘पेसा’ म्हणजे तेथील स्वाहिली भाषेत पैसा! हा शब्द आपल्या कानांना ओळखीचा वाटतो, यात नवल नाही. पश्चिम भारत आणि पूर्व आफ्रिका यांच्यामध्ये शेकडो वर्षे जहाजांची ये-जा होती. 1920 सालापर्यंत केनियाचे चलनही रुपयाच होते. व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर शब्दही समुद्र ओलांडतात, तो असा.

या सेवेची रीत अगदी सोपी आहे. नैरोबीतील कामगार आपल्या वस्तीतील दुकानात जातो. हे दुकान किराणा मालाचे असेल किंवा औषधांचे. पण ते कंपनीने नेमलेले असते. तेथे तो रोख रक्कम देतो. दुकानदार तेवढ्याच रकमेची नोंद त्याच्या मोबाईलवरील खात्यात करतो. मग तो कामगार आईचा क्रमांक आणि आपला गुप्त अंक दाबतो. क्षणभरात दोघांच्याही फोनवर संदेश येतो. आई गावातील तशाच दुकानात जाते, ओळखपत्र दाखवते आणि रोख रक्कम घेऊन घरी परतते. यासाठी महागडा फोन लागत नाही की इंटरनेटही लागत नाही. साधा बटणांचा फोन पुरतो. लोकांची ही रक्कम कंपनीच्या स्वतःच्या पैशात मिसळली जात नाही. ती बँकांत विश्वस्त निधी म्हणून वेगळी ठेवलेली असते.

पाहता पाहता ही रीत देशभर पसरली. भाजीवाली, रिक्षावाला, शाळा, दवाखाना हे सारे मोबाईलवर पैसे घेऊ लागले. 2012 पासून कित्येक घरांनी सौर दिव्याची किंमतही फोनवरून रोज थोडी थोडी भरून फेडली. रॉकेलच्या धुरात डोळे चोळत अभ्यास करणाऱ्या तेथील मुलांना स्वच्छ उजेड मिळाला. 2019 साली अधिकृत आर्थिक व्यवहार करणारे लोक शंभरात त्र्याऐंशीच्या घरात पोहोचले होते.

परंतु, मुलांनो, ज्या वाटेने पाहुणा येतो त्याच वाटेने चोरही येतो. “चुकून तुमच्याकडे पैसे आले, ते परत पाठवा,” असा खोटा संदेश पाठवून भोळ्या माणसांना लुबाडणारे निघाले. फोनवर काही मिनिटांत कर्ज मिळू लागले, तेव्हा अनेकांनी गरज नसतानाही ते काढले. हप्ता थकला की काही सावकार कर्जदाराच्या नातेवाइकांना व मित्रांना फोन करून त्याची अब्रू काढत. अखेर 2021 साली कायदा करून अशा सावकारांना तेथील मध्यवर्ती बँकेच्या देखरेखीखाली आणावे लागले.

याहूनही भयंकर प्रसंग 2007 च्या अखेरीस ओढवला होता. निवडणुकीनंतर देशात दंगली उसळल्या आणि हजाराहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्या दिवसांत द्वेषाने भरलेले संदेश एका फोनवरून दुसऱ्या फोनवर धावत होते. मात्र त्याच वेळी काही केनियन तरुणांनी ‘उशाहिदी’ नावाची योजना उभारली. उशाहिदी म्हणजे साक्ष. कोठे हिंसा होत आहे, हे लोक फोनवरून कळवीत आणि ते ठिकाण नकाशावर नोंदले जाई. फोन तेच होते. एका हाताने त्यातून वणवा पेटवला, तर दुसऱ्या हाताने सत्य सांगितले.

आपल्या देशातही 2016 पासून यूपीआयमुळे मोबाईलवरून पैसे देणे-घेणे सुरू झाले आहे. म्हणून केनियाची ही हकीकत आपल्यालाही उपयोगी आहे. तेथील आईला पैसे मिळाले, ते केवळ यंत्रामुळे नव्हे. पाठवणाऱ्याने घाम गाळला होता, आणि दुकानदाराने चोख हिशेब ठेवला होता. पोस्टमनने म्हातारीच्या हातावर मोजून ठेवलेल्या नोटांमागेही हेच दोन गुण होते. पैसा पिशवीतून येवो वा पडद्यावर उमटो, श्रम आणि सचोटी यांवाचून त्याची वाट सुरक्षित होत नाही.

प्रश्न
1. एम-पेसा सुरू होण्यापूर्वी केनियातील कामगारांना पैसे पाठवताना कोणत्या अडचणी येत?
2. ‘ज्या वाटेने पाहुणा येतो त्याच वाटेने चोरही येतो’ हे विधान पाठातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
3. घरातील वडीलधाऱ्यांकडून मनीऑर्डरची एखादी आठवण ऐका व ती दहा ओळींत लिहा.