नवा जोडलेला संगणक सुरू होत नाही तेव्हा

दुकानाच्या हिशेबासाठी आम्ही अकोल्याहून सुटे भाग आणून मेडशीत घरीच संगणक जोडला. बटण दाबताच पंखे फिरले, पडदा मात्र काळाच! रमजान तोंडावर, उधारीची वही भरत आलेली. विक्रेता फोनवर म्हणाला, मदरबोर्ड बदला. म्हणजे पुन्हा हजारोंचा खर्च.

व्यापारी बंधूंनो, पंखे फिरले म्हणजे सगळीकडे वीज पोहोचली असे नव्हे. मदरबोर्डला २४ पिनांची वायर लागते. प्रोसेसरसाठी ४ किंवा ८ पिनांची वेगळी असते. ही दुसरी बरेचदा राहून जाते. आमची जागेवर होती. मग प्लग काढून रॅमची एकच पट्टी ठेवली, पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेत खटका वाजेपर्यंत दाबली. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर कार्डालाच लावावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो, तो कार्डाविना चित्र दाखवतच नाही. एका वेळी एकच फेरफार करावा, नाहीतर दोष कळत नाही.

आमचा दोष निराळाच निघाला. डीडीआर-५ रॅम असली की पहिल्या वेळी मदरबोर्ड ती तपासून जुळवून घेतो. त्यात काही मिनिटे पडदा काळा राहतो. आम्ही दरवेळी मिनिटभरातच बंद करीत होतो! असरची अजान झाली, तसाच चालू ठेवून मशिदीत गेलो. परतलो तो पडदा उजळलेला.

अर्ध्या तासानेही चित्र आले नाही तर बिलासह दुकानात न्यावा. वीजपुरवठ्याचा डबा मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.