जादा बोर्ड जोडण्याआधी

जनरेटरचं पॅनेल जसं पाठवलं तसंच राहिलं, असं मी कधी पाहिलेलं नाही. सुरुवातीला ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान आणि आरपीएम दिसले की मालक खूश असतो. मग डिझेलची पातळी मोबाइलवर हवी होते, मग एक्झॉस्टचं तापमान, मग महिन्याचा रिपोर्ट. म्हणून कोटेशनमध्ये सगळेच ‘पुढे वाढवता येईल’ असं लिहितात. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ चार रिकामी टर्मिनलं एवढाच निघतो.

नाशिककडच्या एका कोल्ड स्टोरेजवर असंच वाढवलेलं पॅनेल होतं. हाताने बटण दाबलं की सेट पहिल्या झटक्यात चालू व्हायचा. रात्री लाइट गेली की मात्र सेल्फ क्षणभर घुरघुरायचा, थांबायचा, पुन्हा घुरघुरायचा, आणि बॅटरी बसेपर्यंत तेच चालायचं. बॅटरी नवी आणली, स्टार्टर खोलून झाला, डिझेलच्या लाइनमधली हवा काढून झाली. मला बोलावलं तेव्हा सगळ्यांचा संशय इंजिनवर होता.

दोष होता एसएमएस पाठवणाऱ्या मोडेममध्ये. मूळ पॅनेलवाल्याने तो नंतर बसवला होता आणि कंट्रोलरच्याच पाच व्होल्टच्या सप्लायवर टांगला होता. जीएसएम मोडेम सिग्नल पाठवताना क्षणाक्षणाला दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो. सेल्फ मारला की बारा व्होल्टची बॅटरीही क्षणभर सहा-सातवर येते. एरवी या दोन गोष्टी एकत्र घडत नाहीत, पण लाइट गेली की नेमक्या एकत्र घडतात, कारण ‘लाइट गेली’ हा निरोप तेव्हाच पाठवायचा असतो. सप्लाय कोसळायचा, कंट्रोलर रीसेट व्हायचा, उठून बघायचा तर लाइट नाही; पुन्हा निरोप, पुन्हा सेल्फ. तीन प्रयत्नांनंतर थांबायचं, असं प्रोग्रॅममध्ये होतं. पण प्रयत्नांची मोजणी तात्पुरत्या मेमरीत असल्यामुळे प्रत्येक रीसेटला ती शून्य व्हायची. हाताने चालू करताना एसएमएस जातच नव्हता, त्यामुळे दिवसाउजेडी केलेल्या चाचणीत हे कुणालाच सापडलं नसतं.

तेव्हापासून जादा बोर्डाला सप्लाय वेगळा, आणि त्याचा फ्यूजही वेगळा, यावर मी घासाघीस करत नाही. इंजिन स्थिर चालू होईपर्यंत मोडेमने गप्प बसायचं. मालकाला निरोप अर्ध्या मिनिटाने मिळाला तर काही बिघडत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट इंजिन बंद करण्याची. ऑइल प्रेशरचा स्विच, तापमानाचा स्विच आणि इमर्जन्सी बटण यांच्या वायरी थेट रन रिलेच्या साखळीत गेल्या पाहिजेत; मध्ये प्रोग्रॅम नको, डेटाची बस नको. चालू होताना प्रेशर येईपर्यंत तो स्विच काही सेकंद बाजूला ठेवावा लागतो, त्यासाठी साधा टायमर रिले पुरतो. स्क्रीनवर आकडे दाखवणारे सेन्सर निराळे ठेवा. मग पुढे कुणी काहीही जोडलं, कसंही जोडलं, तरी तेल गेल्यावर इंजिन थांबणारच. फायर पंपाचं इंजिन याला अपवाद. आग लागलेली असताना तिथे इंजिन जळालं तरी चालेल, पाणी थांबता कामा नये. म्हणून जनरेटरचं ड्रॉइंग फायर पंपाला जसंच्या तसं लावू नका.

2023च्या जुलैपासून सीपीसीबीचे धुराबाबतचे नवे नियम आले आणि साध्या पंपाच्या इंजिनांची जागा ईसीयूवाली, म्हणजे स्वतःचा कंट्रोल कॉम्प्युटर असलेली, इंजिनं घेऊ लागली. आता प्रेशर आणि तापमान सेंडरच्या वायरीऐवजी कॅन बसवर, जे1939 च्या भाषेत येतं. इथे जुन्या हातांची फसगत होते. त्या भाषेत एका बाइटमध्ये येणाऱ्या तापमानाचा आकडा 40 वजा करून वाचायचा असतो, आणि 255 आला तर ‘हे माप माझ्याकडे नाही’ असं समजायचं असतं. हे न पाळणारं एक पॅनेल मी पाहिलंय. थंड इंजिनावर ते 215 अंश दाखवत होतं आणि लगेच ट्रिप करत होतं. त्या मॉडेलवर तो सेन्सरच नव्हता. प्रत्येक मापासोबत ‘आकडा खरा’, ‘सेन्सर नाही’, ‘वायर तुटली’ हे वेगळं साठवायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर ती घुसवताना सगळा प्रोग्रॅम उसवावा लागतो.

बसच्या दोन टोकांना 120 ओहमचे दोनच रेझिस्टर हवेत. पॅनेल बंद करून दोन वायरींमध्ये मीटर लावला की 60 दिसले पाहिजेत. बाजारातल्या पुष्कळ बोर्डांवर तिसरा आधीच सोल्डर केलेला असतो, मग मीटर 40 दाखवतो. टेबलावर तेही चालतं. साइटवर लांब वायर आणि हलणारं इंजिन आलं की निरोप गळायला लागतात. आणि ईसीयूच्या बसवर आपले घरगुती बोर्ड चढवूच नका. कंट्रोलरला दुसरा कॅन पोर्ट घ्या. महाग पडतो, तरी घ्या.

लॉगिंगही बहुधा नंतरच सुचतं, आणि जागा म्हणून सेटिंगच्याच ईईप्रॉममध्ये कोंबलं जातं. साध्या ईईप्रॉमची हमी एका जागेवर लाखभर वेळा लिहिण्याची असते. दर सेकंदाला त्याच जागी तासांचा आकडा लिहिला तर लाख पुरे व्हायला 28 तासही लागत नाहीत. लॉगला वेगळी चिप द्या.

पॅनेल ताब्यात देताना इंजिन लोडवर घ्यायचं आणि जादा बोर्डांच्या केबली एकेक करून उपटायच्या. स्क्रीनवर त्या बोर्डाच्या मापाच्या जागी आडव्या रेघा याव्यात, इंजिनच्या आवाजात फरक पडता कामा नये. मग त्याच केबलच्या वायरी एकमेकींना टेकवून बघायच्या. शेवटी एखादी दमलेली बॅटरी लावून मेन स्विच खाली ओढायचा, मोडेम चालू ठेवून. केबली उपटायला मी ऑपरेटरलाच सांगतो. पहिल्या केबलला तो बिचकतो, तिसरीपर्यंत पॅनेलमधली कुठली वायर कशाची, हे तोच मला सांगायला लागतो.