प्लास्टर घातल्यावर बोटे पाहा



प्लास्टर हे औषध नव्हे. हाड आपले आपणच जुळते. प्लास्टर त्याला हलू देत नाही, एवढेच. जिप्समचा दगड भाजला की त्यातील बरेचसे पाणी उडून भुकटी होते. ती पुन्हा भिजली की घट्ट होते, आणि घट्ट होताना तापते. म्हणून पट्टी कोमट पाण्यातच भिजवावी. कढत पाण्याने कातडी भाजू शकते. भुकटी चोळलेल्या कापडी पट्टीची ही रीत डच लष्करी डॉक्टर माथायसेन यांनी १८५२ साली प्रसिद्ध केली.

आता माझी चूक सांगतो. सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा आठ वर्षांचा मुलगा आंब्यावरून पडला. कोपराखाली दोन्ही हाडे मोडलेली. पाडा लांब, पुन्हा येतील न येतील, म्हणून मी त्याच संध्याकाळी हाताभोवती पूर्ण प्लास्टर घातले. सूज त्यानंतर चढली. कडक प्लास्टर फुगत नाही. आतला दाब वाढतो, स्नायूंचे रक्त अडते, आणि काही तासांत ते मरू लागतात. दुसऱ्या दिवशी दुपारी बाप त्याला खांद्यावर घेऊन आला. "रातभर रडला. पण हात मोडलाय, दुखणारच, असं तुम्हीच म्हणाला होता ना?" म्हणालो होतो. बोट जरा सरळ करताच पोर किंचाळले. प्लास्टर आणि आतला कापूसही कातडीपर्यंत कापला, लगेच जिल्ह्याला शस्त्रक्रियेसाठी नेले. हात वाचला. दोन बोटे मात्र अजून पुरती उघडत नाहीत.

तेव्हापासून मी आधी एका बाजूची पट्टीच बांधतो; सूज उतरली की पूर्ण प्लास्टर.

पाड्यांवर जाणाऱ्यांनी एवढे करावे. मोडलेल्या हाताला बांबूच्या कामट्यांचा आधार चालतो, पण खाली मऊ कापड हवे, आणि बांधणे सैल. (हाडवैद्याला हसू नका, त्याची चूक कामटीत नसते, आवळण्यात असते, आणि ती मीही केली.) बांगड्या, अंगठी, कडे आधी काढा. हात उशीवर उंच ठेवा. नख दाबून सोडा. दोनेक सेकंदांत लाली परतली पाहिजे. पण लाली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दुखणे वाढतच असेल, बोटे सरळ करताना कळ येत असेल किंवा बधिर वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच गाडी काढा.